यंत्रज्ञांनी चुलीपाशी बसावे

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो तरुण पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्यांचे कष्ट हलके करण्याचे सामर्थ्य या विद्येत आहे, त्यांच्याशी चार वर्षांत एकदाही गाठ न पडता ही पदवी मिळू शकते, ही गोष्ट आम्हांस चिंताजनक वाटते.

अशा गाठीभेटींवाचून केलेल्या लोककल्याणाचे काय होते, हे १९८३ साली हाती घेतलेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने दाखविले आहे. घरात धूर कोंडू नये, सरपण कमी लागावे, हा हेतू स्तुत्यच होता. आणि दोन दशकांत तीन कोटींहून अधिक चुली बांधल्याही गेल्या. पण पुष्कळ ठिकाणी चुलीचे तोंड घरच्या भांड्यास जुळेना, धुराडे साफ कोणी करावयाचे हे ठरलेले नव्हते, आणि अखेर बायका जुन्या चुलीकडे वळल्या. भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्याशी फुगवावी लागते, यासारख्या साध्या गोष्टी प्रयोगशाळेस आपोआप कळत नाहीत. त्या चुलीपुढे बसणाऱ्या बाईसच विचाराव्या लागतात.

याउलट जयपूरचे उदाहरण पाहावे. विलायती धर्तीचा कृत्रिम पाय बुटावाचून निरुपयोगी ठरे. तो लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, की चिखलात उतरता येत नसे. तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा 'जयपूर फूट' सिद्ध केला, तो रुग्णाची बैठक आणि त्याची अनवाणी चाल लक्षात घेऊन. म्हणूनच तो शेतकऱ्याच्या उपयोगी पडला.

महाराष्ट्रासही ही वाट अपरिचित नाही. संशोधनातील मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. मुंबईच्या आय.आय.टी.त १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. मात्र असे प्रयत्न अजून अपवादच राहिले आहेत.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा विषय विद्यार्थ्याने खेड्यात अथवा शहरातील गरीब वस्तीत किमान एक महिना राहून निवडावा. आणि गुण देताना ते साधन वापरणाऱ्यांचे मतही परीक्षकांनी विचारात घ्यावे. एवढ्या दिवसांत नोकरीच्या मुलाखती हुकतील, ही पालकांची काळजी आम्ही समजू शकतो. पण लोकांची अडचण त्यांच्याच तोंडून ऐकून घेणे हा काही परोपकार नव्हे. तो यंत्रज्ञाच्या शिक्षणाचाच भाग होय. विद्यापीठांनी याचा आरंभ येत्या वर्षापासून करावा, आणि आमच्या वाचकांनी आपल्या मुलामुलींस त्यासाठी आनंदाने निरोप द्यावा.