कुरकुरणारे दार

मोटार विकत घेताना माणूस इंजिन पाहतो, टायर पाहतो. रंग तर घरातली सगळीच मंडळी पाहतात. दाराच्या बिजागऱ्या पाहणारे गिऱ्हाईक मला अजून भेटावयाचे आहे. वास्तविक रोजची कवायत त्यांनाच अधिक. सकाळी शाळा, दुपारी मंडई, संध्याकाळी कोणाचे तरी लग्न किंवा बारसे; प्रत्येक खेपेला दारे उघडतात आणि मिटतात. एवढे करून बिजागरीच्या वाट्याला वर्षाकाठी तेलाचे दोन थेंबही येत नाहीत. मग एके दिवशी ती बोलू लागते.

आमचे कुपवाड सांगली-मिरजेच्या शेजारचे. १९९८ साली तिन्ही गावांची मिळून एक महानगरपालिका झाली. पैकी मिरजेत सतारी आणि तंबोरे घडतात. तार गोड बोलावी म्हणून तिथले कारागीर घोडीवर जवारी काढीत तासन्‌तास बसतात. कुपवाडला औद्योगिक वसाहत. इथल्या लेथवाल्यांचा सारा जीव लोखंड बोलू नये यात. म्हणून दाराची करकर ऐकली की आमच्या गल्लीत दहा वैद्य जमतात आणि दहाही जण एकच औषध सांगतात : “तेल सोडा!”

पण तेल सोडायचे कोठे? आवाज करणाऱ्या जागा निदान तीन असतात. दार अर्धवट उघडले असता ते तिथेच धरून ठेवणारी एक पट्टी दोन बिजागऱ्यांच्या मध्ये असते. दार उघडताना ‘कट् कट्’ होत असेल, तर बोलणारी ती. मोटार चालू असताना दार बंद असूनही चीं-चीं ऐकू येत असेल, तर चौकटीच्या रबराकडे पाहावे. आणि दार हलवताच लांबलचक ‘कर्र’ झाले, तर बिजागरी. एकाने दार सावकाश हलवावे, दुसऱ्याने वरच्या व खालच्या बिजागरीवर आळीपाळीने बोट टेकवावे. दोषी बिजागरी बोटाखाली थरथरते. कानाला फसवता येते, बोटाला नाही.

आता औषधाविषयी. घरातले खोबरेल वापरू नये. ते सुमारे २४ अंशांखाली थिजते, आणि मार्गशीर्षातली आमच्याकडची पहाट त्याहून पुष्कळ गार असते. शेंगतेल काही दिवसांनी चिकट होते आणि रस्त्याची सारी धूळ आपल्याकडे ओढून घेते. डब्ल्यूडी-४० नावाचा फवारा हल्ली घरोघरी असतो. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे तो तयार झाला, तो ओल हटवून गंज रोखण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नाला जमला, म्हणून नावात चाळीस. गंज सोडवायला आणि जुना मळ काढायला उत्तम. पण तो टिकून राहणारे वंगण नव्हे. त्याच्यावर विसंबलेले दार महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गाऊ लागते. तेव्हा फवारा मारावा, दार वीस वेळा उघडझाप करावे, पाझरलेला काळा मळ चिंधीने पुसावा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवावे. मगच लिथियमचे पांढरे ग्रीस पिनेच्या दोन्ही टोकांशी लावावे, पुन्हा उघडझाप करावी आणि वरचे ग्रीस निपटून काढावे. हे शेवटचे काम पुरुषमंडळी हटकून विसरतात. मग नव्या साडीच्या निऱ्या त्यांना त्याची आठवण करून देतात. रबराला मात्र ग्रीस किंवा तेल लावू नये, ते फुगते. त्याला सिलिकॉनचा फवारा. २०१९ किंवा २०२१ साली ज्यांच्या मोटारी कृष्णेच्या पुरात सापडल्या, त्यांनी अगोदर साध्या पाण्याने बिजागरीतला गाळ धुऊन, ती कोरडी करून, मग या साऱ्याला हात घालावा.

इथवर सोपे आहे. परंतु शेजारच्या बिऱ्हाडात तेल, फवारा, ग्रीस सारे झाले आणि मागचे डावे दार बोलतच राहिले. त्या बाजूला आजी बसत. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे संपलेले. उतरताना त्या दोन्ही हातांनी उघड्या दारावर सारा भार टाकीत आणि मग उठत. चिरंजीव एकदा सर्वांदेखत म्हणाले, “आई, दाराला लोंबकळत जाऊ नकोस गं, त्यानेच ते बिघडलंय.” आजी काही बोलल्या नाहीत. पुढच्या संकष्टीला सांगलीच्या गणपतीला निघताना मात्र म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. मला घरीच बरं वाटतं.” त्या पुढच्या महिन्यातही तेच.

चिरंजीवांचे निदान चूक होते असे नाही. ओळखीच्या एका टर्नरने येऊन दार उघडले, खटक्याकडचा खालचा कोपरा धरून वर उचलला, तो दार बोटभर हलले. वरच्या बिजागरीचे बुश झिजून गेले होते. असे दार खाली लोंबते, खटका नीट भिडत नाही, मग लोक ते आदळून लावतात. कोणी हुशार मिस्त्री चौकटीवरची कडीच खाली सरकवून देतो, म्हणजे दुखणे तसेच आणि वरून मलमपट्टी. खटक्याला दोन टप्पे असतात. दार पहिल्यावरच अडकले तरी बंद वाटते. मागे पोरे बसतात त्या मोटारीत ही गंमत नव्हे.

टर्नरने बोल्ट सोडण्यापूर्वी बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ ओढली, म्हणजे ती पुन्हा त्याच जागी बसावी. जॅकवर फळी, फळीवर जुने पांघरूण ठेवून दाराला टेकू दिला. नमुन्यावरून पितळेची दोन बुशे आणि एक पिन लेथवर काढून आणली. पुष्कळ नव्या मोटारींत पिन ठोकून पक्की केलेली असते. तिथे अख्खी बिजागरीच बदलावी लागते. हे काम एकट्याने करू नये, दाराचे वजन फसवे असते.

काम संपल्यावर टर्नर चिरंजीवांना एवढेच म्हणाला, “साहेब, आजींनी धरायचं तरी कशाला?” छतालगत मूठ होती, पण आजींचा हात तिथवर पोचत नव्हता. तिला कापडी पट्ट्याचा एक मजबूत फास बांधला, उतरायला पायाखाली एक बुटका पाट ठेवला आणि मोटार फूटपाथपासून हातभर दूर उभी करायची ठरले. चिरंजीवांनी आईला स्वतः दोन वेळा बसवून-उतरवून दाखवले. आजींनी फास ओढून पाहिला, पाट पायाने चाचपला आणि विचारले, “हा पाट गाडीतच राहील ना?”

यंदा भाऊबीज झाली की त्या नरसोबाच्या वाडीला जायचे म्हणताहेत. आदल्या दिवशी दार तेवढे उचलून पाहायला मला बोलावले आहे.