पुन्हा उठणारा ट्रोल

‘ट्रोल’ हा शब्द आता आपल्या घरांत नवा राहिलेला नाही. मोबाइलवर कुणाच्या तरी मागे हात धुऊन लागणारा माणूस म्हणजे ट्रोल, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मुलांच्या खेळण्यातल्या कार्डांवर दिसणारा ट्रोल मात्र वेगळा आहे, आणि पुष्कळ जुना आहे. तो नॉर्वे आणि आसपासच्या मुलखातल्या लोककथांतला. डोंगरात, जंगलात नाहीतर पुलाखाली राहणारा, अंगाने दांडगा आणि अकलेने बेताचा.

परदेशी राहणाऱ्या नातलगांची मुलं सुट्टीत येतात तेव्हा कधी कधी त्यांच्या बॅगेतून अशा कार्डांचा गठ्ठा निघतो. वरची चित्रं पाहून दादी-नानी दचकतात, ‘हे काय भूतखेत घरात आणलंस?’ असं विचारतात. अम्मी-अब्बांना वेळ नसतो आणि गठ्ठा परत बॅगेत जातो. आमचं म्हणणं असं, की चित्र पाहून घाबरण्याआधी कार्डावर काय लिहिलंय ते एकदा मुलाकडून वाचून घ्यावं.

या खेळाचं नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफील्ड यांनी तो रचला आणि १९९३ साली अमेरिकेतल्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूकडे काही जमिनीची कार्डं असतात. जमिनीचं कार्ड आडवं केलं की शक्ती मिळते, आणि ती शक्ती खर्चून प्राणी मैदानात उतरवायचे. आडव्या झालेल्या जमिनी आपली पुढची पाळी आली की पुन्हा सरळ होतात. तोवर त्या कामाच्या नाहीत.

पहिल्याच संचात ‘उथडेन ट्रोल’ नावाचं एक कार्ड होतं. ताकद दोन, सहनशक्ती दोन. दिसायला काही विशेष नाही. पण त्याला एक गुण दिलेला होता: लाल शक्तीचा एक भाग खर्च केला, तर त्या पाळीत मार लागूनही तो मरत नाही. कार्ड आडवं होतं, जखमा भरतात, ट्रोल लढाईतून बाजूला होतो आणि जिवंत राहतो.

हा गुण आला कुठून? जुन्या कथांतला ट्रोल उन्हात आला की दगड होतो. तुटलेले अवयव परत जोडून घेणारा ट्रोल पुढे अमेरिकन लेखक पोल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीत भेटतो. त्याचा कापलेला हातसुद्धा सरपटत येतो, आणि शेवटी तो आगीलाच बधतो. तिथून तो १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात गेला, आणि तशाच ट्रोलचा वारसा या कार्डांत दिसतो. आपल्याकडच्या गोष्टींत राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो. पोपट सापडला की राक्षस संपला. ट्रोलचा पोपट म्हणजे आग.

कार्डावरच्या ट्रोलचा पोपट कुठे आहे, हे खेळणाऱ्या मुलाला लवकरच कळतं. तो आहे रिकाम्या हातात. ट्रोल आपोआप उठत नाही. दर वेळी किंमत द्यावी लागते, आणि तीही मरण्याआधी. ज्या मुलाने आपल्या पाळीत सगळ्या जमिनी आडव्या करून टाकल्या, त्याच्याकडे समोरच्याच्या पाळीत काही उरत नाही, आणि ट्रोल साध्या माराने जातो. ज्याने एक जमीन राखून ठेवली, त्याचा ट्रोल टिकतो. त्यातही ‘टेरर’सारखी कार्डं आहेतच, ज्यांच्यापुढे राखून ठेवलेली शक्तीसुद्धा चालत नाही. महिनाअखेरीसाठी डब्यात चार पैसे बाजूला टाकणाऱ्या घरच्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा एक ट्रोल २०१९ सालचा, ‘क्लॅकब्रिज ट्रोल’. त्याच्यामागे नॉर्वेतली तीन बोकडांची गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात आस्ब्यॉर्नसेन आणि मो या दोघांनी तिथल्या लोककथा गोळा केल्या, त्यांतली ही एक. पुलाखालच्या ट्रोलला धाकटा बोकड सांगतो, ‘मला सोड, मागून माझ्याहून मोठा येतोय.’ मधलाही तेच सांगतो. हावरा ट्रोल थांबत राहतो आणि तिसरा बोकड त्याला शिंगांवर घेतो.

कार्डावर हा ट्रोल आठ ताकदीचा आहे. तो मैदानात उतरला की समोरच्या खेळाडूला तीन बकरे मिळतात. ट्रोलवाल्याच्या प्रत्येक पाळीत, लढाईच्या सुरुवातीला, समोरच्याने आपला एक प्राणी दिला तर ट्रोल आडवा होऊन गप्प बसतो. मात्र दर वेळी ट्रोलच्या मालकाचे तीन प्राणगुण वाढतात आणि त्याला एक नवं कार्ड मिळतं. म्हणजे तीन पाळ्या सुटका झाली खरी, पण संकट होतं तिथेच राहिलं आणि समोरचा अधिक बळकट झाला. व्याजाने घेतलेलं कर्ज फेडायला दुसरं कर्ज काढणाऱ्या घराचं हेच होतं. बकरे दिल्याने मिळालेल्या त्या तीन पाळ्यांत ट्रोलचा बंदोबस्त करायचा असतो, हे चांगला खेळाडू विसरत नाही.

एक बाजू मात्र पालकांनी नीट पाहावी. सुरुवातीच्या नियमांत पैज होती: दोघांनी एकेक कार्ड बाजूला ठेवायचं आणि जिंकणाऱ्याने दोन्ही कायमची न्यायची. पुढे हा प्रकार खेळातून गेला, ते बरंच झालं. पण कार्डं आजही बंद पाकिटांत मिळतात, आणि आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. ‘या पाकिटात तरी निघेल’ म्हणून आणखी एक, मग आणखी एक, अशी ओढ लागते. नशिबावर पैसे लावण्याशी तिचं नातं फार दूरचं नाही. हवं ते कार्ड सुटं, किंमत बघून घेता येतं. मुलाला हट्ट असेलच, तर हा रस्ता बरा.

२०२१ सालच्या ‘काल्डहाइम’ या संचात ‘ओल्ड-ग्रोथ ट्रोल’ आहे. तो मेला की जंगलाच्या एका कार्डावर जाऊन बसतो आणि त्या जमिनीची शक्ती वाढवतो. पुढे गरज पडली, तर तीच जमीन सोडून देऊन तिथून नवा ट्रोल उभा करता येतो. वाढलेली शक्ती हातात ठेवायची की जमीन देऊन ट्रोल उठवायचा, हे खेळणाऱ्याने ठरवायचं.

पुढच्या सुट्टीत असा गठ्ठा घरात आला, तर एक ट्रोल बाहेर काढायला सांगा. त्याला उठवायला काय द्यावं लागतं, आणि ते कधी राखून ठेवायचं, एवढंच मुलाला विचारा. तो सांगेल, आणि बराच वेळ सांगत बसेल.