फुलण्याआधी ओळखा

गाजर गवत हे गवत नाही आणि त्याला गाजरेही लागत नाहीत. ते सूर्यफुलाच्या कुळातले. १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली; अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे लोकांनी त्याला ‘काँग्रेस’ करून टाकले.

ही फुले आली की कोणीही ते ओळखतो. पण तोवर उशीर झालेला असतो, कारण एकेक झाड हजारो बिया टाकते. टेकड्यांवरच्या उपटणीच्या मोहिमा मात्र बहुधा तेव्हाच निघतात. फोटोत झाड नीट दिसते ना!

खरी ओळख पहिल्या पावसानंतर हवी. तेव्हा रोप जमिनीलगत चक्रासारखे पसरलेले असते. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, बारीक लव असलेली. पुढे मधूनच खोबणीदार दांडा उठतो. त्याआधीच हातमोजे घालून ते मुळासकट काढावे. उघड्या हातांना खाज सुटते.

गाजर गवत आवरण्यासाठी सोडलेले मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात त्याचा पाला फस्त करतात, पण कोरड्या महिन्यांत मातीत दडून बसतात. त्यांच्या भरवशावर टेकडी सोडता येत नाही. शाळेच्या सहलीत मुलांना फुललेल्या झाडाआधी जूनमधले हे रोप दाखवायला हवे.