नळीतली भीती आणि संमोहनाची बदनामी

‘रोज लोकलमध्ये चेंगरत जाणारा माणूस एमआरआयच्या नळीला घाबरतो? नाटकं नुसती!’ अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत कुठल्याही स्कॅन सेंटरच्या बाकावर हे वाक्य कानावर येतं. अशा रुग्णासाठी संमोहन वापरून बघा म्हटलं, की आणखी तीन उत्तरं तयार असतात. ही भोंदूगिरी आहे. गुंगीचं इंजेक्शन असताना याची गरज काय? आणि एवढा वेळ आहे कुणाला? चारही आक्षेप तपासून घेऊ.

आधी लोकलचा. लोकलमध्ये माणूस उभा असतो, चारचौघांत असतो आणि जीव घाबरला तर पुढच्या स्टेशनात उतरू शकतो. नळीत तो एकटा, आडवा. छत नाकाला टेकेल इतकं जवळ, आवाज शंभर डेसिबलच्या वर जाणारा, आणि वीस ते चाळीस मिनिटं हलायला बंदी. माणूस अरुंद जागेपेक्षा जास्त घाबरतो ते सुटका आपल्या हातात नसण्याला. जर्मनीत पंचावन्न हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा शंभरात साधारण दोघांना हा बंद जागेचा त्रास झाल्याचं दिसलं. ही सगळी माणसं नाटकी नव्हती.

दुसरा आक्षेप भोंदूगिरीचा. टीव्हीवरचा लंबक आणि पुनर्जन्माची दुकानं पाहून तो सुचतो, त्यामुळे तो समजण्यासारखा आहे. पण १९८२ साली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणारे श्याम मानव स्वतः स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेत आले आहेत. बुवाबाजीशी लढण्यात हयात घालवलेला माणूस हे शिकवतो, याचा विचार नको का करायला? केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही २००३ मध्ये पर्यायी उपचारांची छाननी करताना, प्रशिक्षित व्यक्तीने वापरायची उपचारपद्धती म्हणून संमोहनाला मान्यता दिली. संमोहनात माणूस बेशुद्ध होत नाही, कुणाच्या ताब्यातही जात नाही. त्याचं लक्ष एका जागी एकवटतं आणि सांगितलेल्या सूचना एरवीपेक्षा सहज पटतात, इतकंच.

तिसरा, इंजेक्शनचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. १८४५ मध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या शल्यविशारदाने मेस्मेरिझमच्या, म्हणजे संमोहनाच्या जुन्या रूपाच्या आधारे शस्त्रक्रिया केल्या. दोनच वर्षांनी क्लोरोफॉर्म आलं आणि ती पद्धत मागे पडली. मग आज सुई सोडून मागे कशाला जायचं? पण क्लोरोफॉर्म जिंकलं ते वेदनेच्या मैदानात. स्कॅनमध्ये काही कापत नाहीत. तिथे प्रश्न फक्त भीतीचा, आणि तेवढ्यासाठी गुंगी द्यायची तर उपाशीपोटी येणं, सोबत माणूस आणणं, ऑक्सिजनच्या पातळीवर नजर ठेवणं आणि वरचा खर्च हे सगळं मागोमाग येतं. झोपेत श्वास अडखळणाऱ्या वयस्कर रुग्णाला तर गुंगीचा धोकाही असतो.

राहिला वेळ. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतल्या एल्विरा लँग यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडावरच्या, त्वचेतून नळी घालून करायच्या प्रक्रियांचे २४१ रुग्ण त्यात होते. नेहमीच्या पद्धतीत सरासरी ७८ मिनिटं लागली, संमोहनाच्या गटात ६१. औषधही कमी लागलं. या प्रक्रिया एमआरआयच्या नव्हेत, हे मान्य. पण ब्राझीलमधल्या एका लहानशा अभ्यासात, एरवी गुंगी द्यावी लागली असती अशा सोळा जणांचा एमआरआय संमोहनाखाली केला, तेव्हा पंधरा जणांनी तो गुंगीशिवाय पुरा केला. संख्या छोटी आहे, तुलनेला दुसरा गट नाही. तरी दिशा कळते. शिवाय घाबरून मध्येच उठलेल्या रुग्णाचा स्कॅन पुन्हा करायचा, तेव्हा रांगेचा वेळ कोण मोजतं?

हे प्रत्यक्षात कसं दिसेल? आज टेक्निशियन म्हणतो, ‘घाबरायचं नाही हं, हललात तर पुन्हा पहिल्यापासून!’ हेतू चांगला, पण रुग्णाच्या डोक्यात राहतं ते घाबरणं आणि हलणं. लँग यांच्याच २००५ च्या पाहणीत, ‘आता दुखेल’ असं आधी बजावलेल्या रुग्णांना दुखलंही जास्त आणि चिंताही जास्त वाटली. त्याऐवजी समजा टेक्निशियन म्हणाली, ‘काकू, डोळे आत जायच्या आधीच मिटून घ्या. हा फुगा हातात धरा. दाबलात की मी आलेच. तुम्हाला कुठे निवांत वाटतं?’ काकू म्हणतात, गुहागरच्या घराच्या पडवीत. ‘मग पडवीतच बसा. ठकठक ऐकू आली, की शेजारी सुतार काम करतोय समजा. प्रत्येक ठोक्याला श्वास सोडा, खांदे सैल करा.’ याला वेगळी खोली लागत नाही, वेगळा तज्ज्ञही लागत नाही. लागतं ते नीट दिलेलं प्रशिक्षण, आणि तेही रुग्णाच्या भाषेत.

मर्यादाही सांगायला हव्यात. सूचना सगळ्यांना सारख्या लागू पडत नाहीत. लहान मुलांना आणि अतिघाबऱ्या रुग्णांना गुंगी द्यावी लागेलच. गंभीर मानसिक आजार असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि खऱ्या धोक्यावर संमोहनाची फुंकर घालायची नसते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि रुग्णाचा नातेवाईक असलेला तरुण यंत्राकडे खेचला जाऊन दगावला. ते आठवून घाबरणाऱ्याला आधी सांगायला हवं, की चुंबक सतत चालू असतो आणि म्हणूनच धातू बाहेर ठेवून घेतात.

मागणी छोटी आहे. स्कॅनच्या फॉर्मवर पेसमेकरचा रकाना असतो. बंद जागेच्या भीतीचाही असावा, आणि तो अपॉइंटमेंट देतानाच विचारला जावा. तिथे ‘हो’ आलं, तर तो रुग्ण नातेवाइकांनी दटावायचा नाही, थेट सुईकडेही पाठवायचा नाही. आधी तो प्रशिक्षित टेक्निशियनच्या हाती द्यायचा. महापालिकेच्या रुग्णालयांनी याची सुरुवात केली, तर खासगी सेंटरांनाही मागे राहता येणार नाही.