आधी पृच्छना, मग पाठांतर



सुट्टी जवळ आली की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर क्लासच्या जाहिराती सुरू होतात. पाच मिनिटांत शंभर गणिते! मग समाजाच्या मेळाव्यात स्टेजवर प्रात्यक्षिक, ट्रॉफी, टाळ्या, आईच्या स्टेटसला फोटो. मला या टाळ्यांबद्दलच बोलायचे आहे. सहावीपर्यंत टाळ्या घेणारी मुलगी आठवीत बीजगणित आले की म्हणते, मला गणित जमत नाही. आणि आपण "मुलींना जरा जडच जाते" म्हणून मोकळ्या होतो. दहावीनंतर ती कुठे जाणार हे तिथेच ठरून जाते. जड काही नसते हो. तिला गणित शिकवलेलेच नसते, तिच्याकडून फक्त हात चालवून घेतलेला असतो.

माझ्या जावेच्या मुलीने अपूर्णांकांच्या भागाकाराची अख्खी वही भरली आहे. नियम एकच, दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचे. सगळी उत्तरे बरोबर. मी विचारले, तीनला अर्ध्याने भागले तर सहा येतात; भागल्यावर संख्या वाढली कशी? ती म्हणाली, "काकू, असं परीक्षेत विचारत नाहीत."

खरेच आहे तिचे. पण उत्तर आपल्या ओट्यावर पडलेले आहे. तीन वाट्या पीठ अर्ध्या वाटीच्या मापाने मोजा, माप सहा वेळा भरते. भागणे म्हणजे किती वेळा भरते ते पाहणे. आता दोन तृतीयांश वाटीचे माप घ्या. एका पूर्ण वाटीत ते किती वेळा बसेल? एकदा बसते आणि वर एक तृतीयांश वाटी उरते, म्हणजे बरोबर अर्धे माप. एकूण दीड वेळा. दीड म्हणजे तीन छेद दोन. झाला की नाही अपूर्णांक उलटा? हे एकदा हाताने केलेल्या मुलीला नियम विसरला तरी पुन्हा काढता येतो. वही भरलेल्या मुलीला विसरला की संपले.

यावर आपल्याकडच्या मोठ्या बायका म्हणतील, आम्ही नाही का तीस पर्यंत पाढे, पावकी, निमकी, अडीचकी घोकली? घोकली, आणि चांगलेच केले. पाढे पाठ हवेतच. सात आठे छप्पन बोटांवर मोजत बसणाऱ्या पोरीला पुढचा विचार करायला डोक्यात जागा उरत नाही. पण आमच्या आजेसासऱ्यांच्या दुकानात पावकी म्हणणाऱ्या पोरासमोर पाव शेराचे माप आणि गिऱ्हाईक दोन्ही उभे असे. आजच्या वर्कशीटवर ना माप आहे, ना गिऱ्हाईक.

आणि घोकण्याच्या बाजूने कुणी धर्माचा दाखला देऊ नये. दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय आपण ऐकतो. नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार येतात: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चाराने पुन्हा पुन्हा म्हणणे. तो चौथा आहे! त्याच्या आधी विचारणे आहे, मनात घोळवणे आहे. श्वेतांबर परंपरेत परावर्तना अनुप्रेक्षेच्या आधी येते, पण पृच्छना तिथेही तिच्या आधीच आहे. आपण मात्र मधली पायरी गाळतो. पाठशाळेतही गाळतो, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.

महावीर जयंतीच्या भाषणात महावीराचार्यांचे नाव हमखास येते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात त्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. १९१२ साली मद्रासहून रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला, तेव्हा जगाला त्याची ओळख झाली. काही वस्तूंतून ठरावीक संख्येने किती वेगवेगळे गट करता येतील, याचा सर्वसाधारण नियम त्यात आहे. हे भाषणात सांगतात. त्यातच त्यांनी असेही लिहिले आहे की संख्येला शून्याने भागले तर ती तशीच राहते. हे सांगत नाहीत. का नाही सांगत? मुलींना सांगण्यासारखी तीच तर गोष्ट आहे. बाराला शून्याने भागून बारा आले, तर बारा गुणिले शून्य बारा यायला हवे. आणि शून्याने गुणले की शून्य येते, हे त्याच ग्रंथात आहे. हा नियम हजार वेळा घोकला तरी त्यातली चूक सापडणार नाही. गुणाकार म्हणजे काय आणि भागाकार म्हणजे काय हे कळलेली सहावीची मुलगी ती दोन मिनिटांत पकडेल. त्याने आचार्यांचा मान कमी होत नाही, त्यांचा ग्रंथ कुणीतरी खरोखर वाचला एवढेच सिद्ध होते.

तेव्हा या वर्षी फी भरण्याआधी क्लासच्या बाईंना एक प्रश्न विचारा. पोरीने "असं का?" म्हटले, तर तुम्ही तिला तासातली किती मिनिटे द्याल? आमच्या इथल्या एका बाईंनी मला सांगितले, "मॅडम, त्याने बाकीच्यांचा स्पीड कमी होतो." मी पाकीट पर्समध्ये परत ठेवले.