आरसा काढला म्हणून फोटो सुधारत नाही

पहिला कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला आज एकच सल्ला मिळतो: डीएसएलआर संपला, आता मिररलेसच घे. सल्ला देणारा ‘तुला कशाचे फोटो काढायचेत’ हे विचारत नाही, ‘खिशात किती आहेत’ हेही विचारत नाही. मुदत उलटलेल्या औषधाकडे पाहावं तसं तो शेल्फातल्या जुन्या कॅमेऱ्याकडे पाहतो. या सल्ल्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. तथ्य बरंच आहे, पण ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ उरत नाही. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो आणि वर वळून डोळ्यापर्यंत पोचतो. त्यातला थोडा उजेड आरशामागून खाली जातो आणि फोकससाठी ठेवलेल्या वेगळ्या सेन्सरवर पडतो. बटण दाबलं की आरसा खटकन वर जातो, फोटो निघतो, आरसा पुन्हा खाली येतो. फिल्मच्या काळात हे करणं भाग होतं. डिजिटल सेन्सर मात्र स्वतःच सतत बघू शकतो आणि फोकसही स्वतःच करू शकतो. मग हा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी १ आला तेव्हापासून बाजार त्याचं उत्तर देत आलाय. २०२० मध्ये मिररलेस कॅमेऱ्यांची जागतिक रवानगी डीएसएलआरच्या पुढे गेली. सोनीने आपली आरशाची मालिका २०२१ मध्ये गुंडाळली. १डीएक्स मार्क ३ हाच आपला शेवटचा अव्वल श्रेणीचा डीएसएलआर, हे कॅननच्या प्रमुखांनी त्याच वर्षाच्या अखेरीस सांगून टाकलं. निकॉनने २०२० च्या डी ७८० आणि डी ६ नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. पेंटॅक्स तेवढा एकटा किल्ला लढवतोय.

हे सगळं मान्य. पण यावरून सिद्ध काय होतं? कंपन्यांचा पैसा आणि इंजिनिअर आता तिकडे गेलेत, एवढंच. शेअर घेणाऱ्याने ही बातमी जरूर वाचावी. पण ज्याला पहिल्या दोन-तीन वर्षांत शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांचं त्रांगडं हाताला बसवायचंय, त्याच्या फोटोवर या बातमीचा परिणाम शून्य. कारखाना बंद झाला म्हणून कपाटातला सेन्सर कमी बघायला लागत नाही.

खरी गोम अशी, की मिररलेसची थोरवी सांगताना उदाहरणं दिली जातात ती लाख-दोन लाखांच्या बॉडीची आणि विकत घेतली जाते ती सगळ्यात खालच्या पायरीवरची बॉडी. खालच्या पायरीवर कंपनी काय देते यापेक्षा काय काढून घेते ते बघावं लागतं. म्हणून हवेत न बोलता दोन खरे कॅमेरे समोर ठेवू. एकीकडे कॅनन आर १००, २०२३ चा मिररलेस. दुसरीकडे कॅनन २००डी, २०१७ चा डीएसएलआर, जो आज सेकंडहँड बाजारात मिळतो.

आर १०० मध्ये एपीएस-सी आकाराचा चोवीस मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. २००डी मध्येही तोच आकार, तेवढेच मेगापिक्सेल. आर १०० चा प्रोसेसर डिजिक ८, म्हणजे कॅननने २०१८ च्या एम ५० मध्ये घातलेला. खोक्यावरचं साल २०२३ असलं तरी आतला मेंदू २००डी पेक्षा एकाच वर्षाने धाकटा. दोघांनी दिवसाउजेडी काढलेले फोटो शेजारी ठेवले तर कुठला कोणाचा हे सांगणं मला जमणार नाही, आणि तुम्हालाही जमणार नाही अशी माझी पैज आहे.

आता मागचा स्क्रीन बघा. २००डी चा बाहेर निघतो, फिरतो आणि बोटाने चालतो. आर १०० चा जागचा हलत नाही आणि बोटालाही दाद देत नाही. रस्त्यावरच्या कुठल्याही फोनला स्पर्श कळतो, अशा काळात कंपनीने नव्या कॅमेऱ्यातून तो काढून टाकला. पावसाळ्यात कोकणातल्या सड्यावर दवबिंदूचं रोप टिपायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्याला विचारा. रोप इंचभर उंचीचं, त्याच्या लाल केसांवर चिकट थेंब, आणि खाली कातळावर पाणी साचलेलं. २००डी वाला कॅमेरा जमिनीला टेकवतो, स्क्रीन वर वळवतो, त्या थेंबावर बोट ठेवतो; फोकस तिथे जातो. आर १०० वाल्याला पोटावर झोपून, मान वाकडी करून बाणाच्या बटणांनी फोकसचा चौकोन सरकवत न्यावा लागतो. तोवर वारा सुटतो.

यावर मिररलेसवाले म्हणतील, ‘पण फोकस तर सेन्सरवरच होतो ना, तो अचूक!’ होतो. २००डी मध्येही होतो. कॅननने ड्युअल पिक्सेल फोकस २०१३ मध्येच ७०डी नावाच्या डीएसएलआरमध्ये आणला होता. २००डी वर लाइव्ह व्ह्यू चालू केला की आरसा वर जाऊन तिथेच थांबतो, आणि तेवढ्यापुरता तो मिररलेसच असतो. फोटो उजळ येणार की काळा, हे दाबण्याआधीच मागच्या स्क्रीनवर दिसतं. जे तंत्र मिररलेसच्या नावावर खपवलं जातं, त्यातला मोठा भाग आरशाच्या घरातच वाढलेला आहे.

वजनाचा मुद्दाही असाच फुगवलेला. बॅटरी आणि कार्डासह आर १०० भरतो ३५६ ग्रॅम, २००डी ४५३. फरक शंभर ग्रॅमचाही नाही. किट लेन्स लावल्यावर तो थोडा वाढतो. पण मोठी टेली लेन्स लावा, मग खांदा दोन्हीकडून सारखाच दुखतो, कारण काचेचं वजन आरसा काढल्याने उतरत नाही.

बॅटरीबद्दल मिररलेसवाले फार बोलत नाहीत. ठरलेल्या प्रमाण चाचणीत आर १०० चारशेच्या आसपास फोटो देतो, २००डी ६५०, आणि निकॉनचा २०१८ चा छोटा डी ३५०० तब्बल १,५५०. कारण उघड आहे: आरशातून बघायला वीज लागत नाही. आळंदीहून पालखीबरोबर निघालात, रोज नव्या मुक्कामी चार्जिंगचा एकच बोर्ड आणि त्याच्याभोवती वीस फोन, अशा ठिकाणी हा आकडा कागदावरचा राहत नाही.

पण माझा मुख्य मुद्दा बॉडीचा नाहीच, लेन्सचा आहे. आर १०० बरोबर येणारी लेन्स १८ ते ४५ मिलिमीटरची. पूर्ण झूम केल्यावर तिचं अ‍ॅपर्चर एफ ६.३ वर येऊन थांबतं. आता हळदीची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. मांडवात दोन ट्यूबलाइट, नवरीच्या गालावर ओली हळद, मावशी आणि आत्या दोघींचे हात एकाच वेळी पुढे आलेले. हात हलतात म्हणून शटर फार मंद ठेवता येत नाही, आणि एफ ६.३ वर आयएसओ ६४०० पर्यंत चढवावा लागतो. हळदीचा पिवळा मातकट होतो, चेहऱ्यावर दाणे दिसतात. त्याच जागी कॅननची साधी ५० मिलिमीटर एफ १.८ लावा. आत येणारा उजेड साधारण बारापट होतो. त्याच शटरला आयएसओ पाचशेच्या जवळपास उतरतो आणि मागचा प्लास्टिकच्या खुर्च्यांचा ढीग विरघळून जातो. हा फरक तिसऱ्या माणसालाही दिसतो. आरसा आहे की नाही, हा दिसत नाही.

‘मग आर १०० लाही पन्नासची लेन्स लाव की!’ लावावीच. पण पहिला कॅमेरा घेणाऱ्याचे पैसे नव्या बॉडीतच संपतात, हा रोजचा अनुभव आहे. किट लेन्सवर दोन वर्षं निघतात आणि मग ‘आपल्याला काही जमत नाही’ म्हणून कॅमेरा माळ्यावर जातो. जुन्या बॉडीत वाचलेले पैसे पन्नासच्या लेन्सला पुरतात. जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स १९८७ पासून बनत आल्यात, त्यामुळे सेकंडहँड माल भरपूर आहे. नव्या आरएफ माउंटवर बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स कॅननने बराच काळ येऊच दिल्या नाहीत. सिग्मा आणि टॅमरॉनला परवाना मिळून त्यांच्या एपीएस-सी लेन्स जाहीर व्हायला २०२४ उजाडलं.

‘जुन्या लेन्समध्ये पैसे अडकतील’ ही भीती तर पूर्ण उलटी आहे. ईएफ माउंटमध्ये लेन्स ते सेन्सर हे अंतर ४४ मिलिमीटर, आरएफमध्ये २०. मधल्या चोवीस मिलिमीटरमध्ये एक अ‍ॅडॅप्टर आरामात बसतो, आणि कॅननचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर लावला की ईएफ लेन्स नव्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. उलटा प्रवास मात्र शक्य नाही. म्हणजे आज घेतलेली जुनी लेन्स उद्याच्या मिररलेसवर चढणार आहे. निकॉनवाल्यांनी इथे जरा जपावं: मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स डी ३५०० वरही हातानेच फिरवाव्या लागतात आणि झेड मालिकेच्या नेहमीच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवरही.

इथवर वाचून आरशाचे भक्त खूश झाले असतील, तर त्यांचाही हिशेब करू. ‘ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरची मजाच वेगळी’ हे त्यांचं पालुपद. वेगळी असते, पण महाग बॉडीत, जिथे काचेचं भरीव प्रिझम बसवलेलं असतं. स्वस्त डीएसएलआरमध्ये प्रिझमऐवजी आरशांची पोकळ जुळणी असते. चित्र लहान आणि अंधारं दिसतं, आणि चौकटीचा पाच टक्के भाग तर दिसतच नाही. कडेला उभा असलेला कोणी तरी फोटोत घुसतो तो तिथूनच. आर १०० चा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर यापेक्षा मोठा आणि उजळ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय २००डी मध्ये डोळा लावून काम करताना फोकसचे बिंदू फक्त नऊ, तेही मध्यावर दाटीवाटीने बसलेले. एफ १.८ वर मधल्या बिंदूने डोळा पकडून मग चौकट सरकवली, की हटकून फोकस कानावर जातो. आर १०० माणसाचा डोळा स्वतः शोधतो, चौकटीत जवळपास कुठेही.

आणि ‘जुनं ते सोनं’ हेही खरं नाही. कॅननचाच १५००डी घेतलात तर लाइव्ह व्ह्यूमध्ये तो ड्युअल पिक्सेल नाही, फोकस चाचपडत राहतो. त्याच्या आणि २०१९ च्या २००डी मार्क २ च्या फ्लॅश-शूमधली मधली पिन कंपनीने गायब केली, त्यामुळे स्टुडिओतला साधा ट्रिगर लावला तर लाइट पेटतच नाही. पहिल्या २००डी मध्ये ती पिन आहे. जुन्यांतही निवडावं लागतं.

ज्याला मुख्यतः व्हिडिओ करायचेत, त्याने माझं ऐकूच नये. त्याने मिररलेसच घ्यावा. आर १०० मात्र नको, कारण त्यात फोर-के चालू केलं की चौकट कापली जाते आणि ड्युअल पिक्सेल फोकसही सुटतो. थोडे जास्त घालून आर ५० घ्यावा. ज्याला भिगवणला उडणारे पक्षी टिपायचेत, ज्याच्या घरात दोन वर्षांचं मूल धावतंय, किंवा जो नाटकाच्या प्रयोगात पहिल्या रांगेत बसून फोटो काढतो आणि ज्याच्या आरशाच्या खटखटीने नटाचा विराम मोडतो, त्यांनीही आरशाचा हट्ट धरू नये. उरतो तो शिकाऊ माणूस: माणसं, सण, गाव, झाडं, प्रवास यांचे फोटो काढू पाहणारा, पैसे मोजके असलेला. त्याने जुनी चांगली बॉडी घ्यावी आणि एक उजळ लेन्स घ्यावी, यात मला तिळमात्र शंका नाही.

फक्त नवा डीएसएलआर खोक्यातून घेऊ नये. दुकानात पडून राहिलेल्या मॉडेलला नव्याची किंमत देणं हा शुद्ध तोटा. मुंबईत बोरा बाजारात जा, किंवा ओळखीच्या फोटोग्राफरकडून घ्या. निकॉन असेल तर त्यानेच काढलेला ताजा जेपीजी कॉम्प्युटरवर उघडा, आतापर्यंत किती क्लिक झालेत ते फाइलच्या माहितीत सापडतं. कॅननच्या फाइलमध्ये ते मिळत नाही, तिथे मागच्या बटणांवरची झीज बोलते. २००डी असेल तर स्क्रीनची बिजागरी दहा वेळा उघडमीट करून प्रत्येक कोनात चित्र टिकतं का ते बघा. एफ २२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, आणि ती साफ होते. लेन्समधली बुरशी तशी जात नाही, आणि आपल्या चार महिन्यांच्या दमट हवेत ती लेन्स-लेन्समध्ये सापडते. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, दोन्ही झाकणं काढा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर सौदा मोडा. दुकानदार टॉर्च मारू देत नसेल तर धागे बघण्याचीही गरज नाही.