सवलतीची शेवटची तारीख

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारचा दुसरा चहा होत होता, तेवढ्यात बँकेतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा दारात उभा राहिला. मागे त्याची अकरावीतली मुलगी. "काका, एका कागदावर नजर टाका. आजच पैसे भरायचेत, रात्री बारानंतर सवलत संपते."

मुलीला वकील व्हायचे होते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या 'क्लॅट' या प्रवेशपरीक्षेसाठी तिने एक ऑनलाइन क्लास पाहून ठेवला होता. एकरकमी भरले तर बेचाळीस हजार, नाहीतर चार हजारांचे बारा 'विनाव्याज' हप्ते. बाप हप्त्यांकडे झुकला होता. महिन्याला चार हजार म्हणजे फार नाहीत, असा त्याचा हिशेब.

तीस-पस्तीस वर्षे कर्जाचे कागद वाचलेल्या माणसाला 'आजच' हा शब्द ऐकला की शंका येते. मी कागद-पेन्सिल घेतली. बारा चोक अठ्ठेचाळीस. म्हणजे सहा हजार जास्तीचे. बेचाळीस हजारांवर सहा हजार म्हणजे सव्वाचौदा टक्के, असे वरवर दिसते. पण मुद्दल दरमहा फिटत जाते, हे धरले तर खरा दर वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या घरात जातो. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्ट शब्दांत कळवले होते. दुकानदार मात्र ती कल्पना अजून विकतोच आहे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. हप्ते क्लासला जाणार नव्हते. कर्ज एका वित्तसंस्थेचे, करार बापाच्या नावावर. क्लासला सगळे पैसे पहिल्याच दिवशी मिळणार. तिसऱ्या महिन्यात मुलीने शिकवणी सोडली तरी उरलेले नऊ हप्ते सुटत नाहीत, आणि थकले तर बापाची पत जाते. उद्या तिच्याच शैक्षणिक कर्जासाठी तो बँकेत गेला, की तो डाग समोर येणार. डिजिटल कर्ज देणाऱ्याने वार्षिक खरा दर सांगणारे पत्रक आधी दिले पाहिजे, असा नियम आहे. ते पत्रक मागा. ते द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे सही करू नका.

पण खरा प्रश्न पैशांच्याही आधीचा आहे. या परीक्षेत विचारतात तरी काय? पूर्वी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी असे. २००८ पासून बहुतेकांची एकच झाली. २०२० पासून तिचे स्वरूप पालटले. आता इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, तर्कशक्ती आणि थोडे दहावीपर्यंतचे गणित असे पाच भाग असतात, आणि जवळजवळ सगळे प्रश्न उताऱ्यांवर. उतारा साडेचारशे शब्दांपर्यंतचा. २०२४ च्या प्रवेशांपासून दोन तासांत एकशे वीस प्रश्न, म्हणजे उतारा वाचण्यासकट प्रश्नाला एक मिनिट. चार उत्तरे चुकली की कमावलेला एक गुण जातो. कायद्याची कलमे पाठ असण्याची गरज नाही, कारण नियम उताऱ्यातच दिलेला असतो. थोडक्यात, ही वाचनाची परीक्षा आहे, आणि तीही इंग्रजी वाचनाची. मराठी माध्यमातल्या हुशार मुलांची गाडी अडते ती इथे. ही अडचण चित्रफितींच्या शेकडो तासांनी सुटत नाही. रोज तासभर इंग्रजी वर्तमानपत्राचे अग्रलेख वाचून, अडलेला शब्द वहीत लिहून, वर्षभरात सुटते.

म्हणून स्वस्त क्लास म्हणजे कमी पैशांचा क्लास नव्हे. ज्यात आपल्याला नको ते विकत घ्यावे लागत नाही, तो क्लास स्वस्त. ते ठरवायची रीत साधी आहे. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठसंघाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. त्यांतली एक छापून घ्यावी, घड्याळ लावून मुलाला बसवावे. कुठे अडते ते दिसले, की तेवढ्यापुरतीच मदत विकत घ्यावी. कुणाला केवळ सराव-चाचण्या पुरतात, कुणाला एका विषयाची शिकवणी लागते.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे ते असे. अभ्यासक्रम २०२० नंतरच्या पद्धतीचा आहे का? चाचणी सोडवल्यावर चूक का झाली हे कोणी माणूस समजावून सांगतो, की केवळ गुण दिसतात? जाहिरातीतली मुले पूर्ण शिकवणी घेतलेली, की शेवटच्या महिन्यात सराव-चाचणीपुरती आलेली? मध्येच सोडल्यास किती पैसे परत, आणि ते लेखी आहे का? फसव्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासचालकांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. निवडीचे खोटे दावे आणि लेखी संमतीशिवाय यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो वापरणे त्यांत निषिद्ध आहे. नियम आहे, पण आपण विचारल्याशिवाय तो जागा होत नाही.

आणखी एक हिशेब आईबाप शेवटपर्यंत टाळतात. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वसतिगृहासकट खर्च वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरात जातो, आणि अशी पाच वर्षे. तो झेपणार नसेल तर राज्याच्या सामायिक प्रवेशपरीक्षेचा रस्ता कमी प्रतीचा नाही. ती मराठीतूनही देता येते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मुंबईचे १८५५ सालचे शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचे १९२४ सालचे आयएलएस याच वाटेवर आहेत. गरीब घरच्या मुलांसाठी शमनाद बशीर यांनी २०१० साली 'इडिया' हा उपक्रम सुरू केला. बशीर २०१९ मध्ये गेले, पण त्या कामातून खेड्यापाड्यांतली मुले या विद्यापीठांत पोचली. जिल्ह्याच्या गावच्या ग्रंथालयांना असे काही का सुचू नये? दोन इंग्रजी वर्तमानपत्रे, जुन्या प्रश्नपत्रिका आणि आठवड्यातून दोन तास देणारा एखादा निवृत्त शिक्षक किंवा वकील, एवढीच सामग्री लागते. न्यायालयात उद्या कोण उभे राहणार, हे ज्याच्या बापाला हप्ता परवडतो त्याच्यावर सोडायचे का, हा प्रश्न एका घराचा नाही.

त्या रविवारी मुलगी आमच्या बाहेरच्या खोलीत प्रश्नपत्रिका घेऊन बसली. दोन तासांत एकाहत्तर प्रश्न झाले. त्यांतले बहुतेक बरोबर होते. तर्क पक्का होता, वाचनाचा वेग कमी होता. बापाला बेचाळीस हजारांत जे कळणार होते, ते एका प्रश्नपत्रिकेच्या छपाईत कळले. तिने सराव-चाचण्यांचा तेवढा संच घेतला, काही हजारांत, रोख. रोज रात्री ती मला फोन करून अग्रलेखातला एक अडलेला शब्द विचारते. कधी कधी मलाही शब्दकोश काढावा लागतो.

सवलत त्या रात्री बाराला संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या मोबाईलवर संदेश आला, की विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव मुदत आठ दिवसांनी वाढवली आहे.